खानदेशचा इतिहास: आधी कादंबरी की आधी गॅझेटियर? (थाळनेरपासून सुरुवात करतोय)

तापीकाठ_शिरपूर

मंडळी, बरेच दिवस मनात होतं म्हणून आज लिहायला बसलोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आपल्याकडे वाचणाऱ्या घरात ऐतिहासिक कादंबऱ्यांचा एक तरी कप्पा असतोच. शिवाजी महाराज, संभाजी महाराज, पानिपत, माधवराव पेशवे. आमच्याकडेही होता आणि आता माझा भाचा दहावीत आहे तो तेच सगळं वाचतोय, जेवतानासुद्धा पुस्तक खाली ठेवत नाही. परवा त्याने विचारलं, मामा, या सगळ्यात आपलं गाव कुठे आहे? प्रश्न एकदम बरोबर आहे. त्या कादंबऱ्यांमध्ये खानदेश म्हणजे फक्त रस्ता. फौजा येतात, तापी ओलांडतात, १६८१ च्या सुरुवातीला बऱ्हाणपूर लुटलं जातं, मराठे चोपड्याच्या वाटेने साल्हेरकडे निघून जातात आणि गोष्टही त्यांच्याबरोबर निघून जाते. चोपड्यात त्या दिवशी माणसं काय करत होती याच्याशी कुणाला काही घेणंदेणं नाही.

मी त्याला १८८० चं खानदेश गॅझेटियर दिलं, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेलं जिल्ह्याच्या माहितीचं पुस्तक, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला बारावा खंड. इंग्रजी जड आहे, पण थाळनेरची पानं आम्ही दोघांनी बसून वाचली. थाळनेर आमच्या तालुक्यातलं, तापीच्या काठावर. मलिक राजाने खानदेशचं फारुकी राज्य उभं केलं ते इथून, त्याची कबरही इथेच आहे, ते दगडी घुमट आपण सगळे लहानपणापासून बघतोय. पण १८१८ ला इथे काय झालं ते आमच्या वर्गात कधीच कुणी सांगितलं नाही.

डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, जानेवारीत मंदसोरचा तह झाला आणि त्या तहात खानदेश इंग्रजांना गेला. इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन तापीच्या खोऱ्यात उतरला आणि २७ फेब्रुवारी १८१८ ला थाळनेरसमोर आला. किल्लेदार होते तुळशीराम मामा. किल्ला खाली करा, नाहीतर तुम्हाला बंडखोर समजू, असं हिस्लॉपने कळवलं. उत्तर आलं नाही, तोफा सुरू झाल्या. मग दिंडीदरवाजातून किल्लेदार बाहेर आले आणि स्वाधीन झाले. आतल्या दरवाजाशी मात्र शिबंदीतले, म्हणजे किल्ल्यावरच्या फौजेतले, अरब उभे होते, आत शिरलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना त्यांची भाषा येईना आणि त्यांना यांची. त्या गोंधळात हत्यारं चालली, मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. त्यानंतर आतली जवळपास सगळी शिबंदी, सुमारे ३०० माणसं, कापून काढली आणि जे आधीच स्वाधीन झाले होते त्या किल्लेदारांना फाशी दिली. हे इतकं उघड अन्यायाचं होतं की १८१९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये फौजेच्या आभाराचा ठराव आला तेव्हा तिथल्या सभासदांनीच थाळनेरवर प्रश्न उठवले आणि थाळनेरची कारवाई त्या आभारातून बाजूला ठेवली.

भाचा वाचून झाल्यावर गप्प बसला, मग म्हणाला, यावर कादंबरी का नाही?

माझं मत सरळ आहे. कादंबरी वाचून आपल्याला इतिहासाची ओढ लागते हे शंभर टक्के खरं, पण आपल्या भागापुरतं बोलायचं तर कादंबरीची वाट बघत बसलो तर आपल्याला आपला भूतकाळ कधीच दिसणार नाही, आपल्याला थेट कागदांकडेच जावं लागेल, आणि एकदा कागद वाचले की कादंबरीही आणखी चांगली कळते. तुमच्या गावाचा भूतकाळ तुम्हाला कुठल्या पुस्तकात सापडला ते इथे लिहा. नुसती नावं नकोत, काय सापडलं ते सांगा.

गिरणामाय

भाऊ, फारच छान विषय काढला. मी चाळीसगावची. आमच्याकडे पाटणादेवीला सगळे जातात, धबधबा बघतात, देवीचं दर्शन घेतात आणि भास्कराचार्यांनी इथेच ग्रंथ लिहिले असं ऐकून परत येतात. पण पाटणचा शिलालेख नक्की काय सांगतो ते वाचायला हवं, कारण ते जास्त मोठं आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १९ व्या शतकात उजेडात आणला. शके ११२८ चा उल्लेख आहे, म्हणजे साधारण १२०६-०७. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादवांच्या दरबारातला ज्योतिषी, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला आणि इथल्या निकुंभ घराण्यातल्या सोईदेव-हेमाडीदेव यांनी त्या मठाला दान दिलं. म्हणजे एका माणसाचं गणित त्याच्या पश्चात पुढच्या पिढ्यांना नीट शिकवता यावं म्हणून सह्याद्रीच्या पायथ्याशी केलेली सोय! सिद्धांतशिरोमणी, म्हणजे भास्कराचार्यांचा गणित-ज्योतिषाचा ग्रंथ, शिकवायचं ठिकाण, आपल्या तालुक्यात, आठशे वर्षांपूर्वी.

आणि मला सगळ्यात भावलेला भाग शेवटचा आहे. लेख संस्कृतात आहे, पण दानाचा हिशोब आला की तो मराठीत उतरतो. बाजारात माल घेणाऱ्यांकडून राजाला जे उत्पन्न यायचं ते मठाला दिलं, आणि गावात जितके तेलाचे घाणे चालतात त्या प्रत्येकाने मठाला पळी पळी तेल द्यायचं. पळीभर तेल! मठातले दिवे त्यावर जळत असणार, मुलं रात्री त्याच उजेडात ग्रहांची गणितं करत असणार, हे शेवटचं माझं मनातलं चित्र आहे, लेखात नाही. पण कादंबरीकाराने नेमकं इथून सुरू करावं असं मला वाटतं. दरबार आणि लढाया खूप झाल्या, मला त्या घाणेवाल्याची गोष्ट वाचायचीय जो रोज पळीभर तेल बाजूला काढतो आणि ज्याला सिद्धांतशिरोमणी म्हणजे काय ते माहीत नाही.

धुळे_आबा

तापीकाठ, अभिनंदन. मी निवृत्त शिक्षक, धुळ्यात राहतो. या धाग्यावर राजवाड्यांचं नाव अजून आलं नाही म्हणून लिहितो.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे शेवटच्या काळात धुळ्यात होते आणि ३१ डिसेंबर १९२६ ला इथेच वारले. त्यांच्या मागे त्यांचे कागद, टिपणं, दप्तरं सांभाळायला राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. शंकरराव देवांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं गावोगाव फिरून जमवली, समर्थ वाग्देवता मंदिर त्यातूनच झालं, तेही धुळ्यातच. महाराष्ट्रातल्या लोकांना इतिहासाची साधनं म्हटलं की पुणं आठवतं, धुळं आठवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले. पहिला खंड १८९८ चा, त्यात १७५० ते १७६१ ची पत्रं आहेत, म्हणजे थेट पानिपतापर्यंत. तुम्ही सगळ्यांनी पानिपतावरच्या कादंबऱ्या वाचल्या असतील, त्यातली घालमेल, पैशाची ओढाताण, रसदेची चिंता हे सगळं या पत्रांमध्ये आहे. ज्याने कादंबरी वाचलीय त्याने ही पत्रं वाचून बघावीत. लिहिणाऱ्याला पुढे काय होणार ते माहीत नाही. कादंबरीकाराला माहीत असतं, वाचकालाही माहीत असतं, म्हणून कादंबरीत पहिल्या पानापासून पराभवाचं सावट असतं. पत्रात तसं नाही, पत्रात माणूस पुढच्या महिन्याचा हिशोब करतोय. हा फरक एकदा लक्षात आला की वाचण्याची पद्धतच बदलते.

राजवाड्यांनी त्याच खंडाच्या प्रस्तावनेत बखरींवर फार कडक लिहिलंय, समकालीन अस्सल पत्रासमोर नंतर लिहिलेल्या बखरीला त्यांनी कमी किंमत दिली. आपल्या बऱ्याच कादंबऱ्या बखरींवर उभ्या आहेत हे ध्यानात ठेवा. आणि मोडी शिका. तरुण पोरांना मी नेहमी सांगतो, लिपी अंगात यायला थोडे महिने लागतात, पण मग तुमच्या घरातल्या माळ्यावरचं दप्तर तुम्हीच वाचू शकता.

वाचनवेडी_जळगाव

आबा, नमस्कार. तुमचा मुद्दा पटला पण मी कादंबरीच्या बाजूने बोलणार. मी संसार, नोकरी सांभाळून वाचणारी बाई आहे, मला २२ खंड कुणी दिले असते तर मी इतिहासाकडे फिरकले नसते. संभाजी महाराजांवरची कादंबरी वाचून मी रात्ररात्र रडलेय आणि त्यानंतर स्वतःहून जदुनाथ सरकार, सेतुमाधवराव पगडी हे इतिहासकार शोधून वाचले. मराठीत ऐतिहासिक कादंबरी १८७१ च्या 'मोचनगड'पासून चालत आलीय, म्हणजे दीडशे वर्षं लोकांना या वाटेने इतिहास भेटतोय, ती वाट कमी समजू नका. माणूस घाबरला की त्याच्या पोटात काय होतं, बायको निरोप देताना काय बोलली, हे पत्रात मिळत नाही. पत्र सरकारी कामाचं असतं.

माझी मागणी एवढीच की कादंबरीकाराने शेवटी दोन पानं लिहावीत, हे कागदात आहे, हे मी रचलंय. काही जण लिहितात, बरेच जण लिहीत नाहीत. मग कादंबरीतला संवाद व्हॉट्सअॅपवर महाराजांचं वाक्य म्हणून फिरतो, मुलं ते निबंधात लिहितात, आणि खरं वाक्य सांगणाऱ्यालाच लोक वेड्यात काढतात. यात नुकसान इतिहासाचं तर होतंच, कादंबरीचंही होतं, कारण लेखकाने जीव ओतून रचलेलं त्याच्या नावावर राहत नाही.

अहिराणी_बोल

भाऊ, भलतं भारी लिखं तुमी. मना आजा सांगे, आमना गावमा बी एक बुरूज शे, तठे पेंढारी वनतात तवय सगळं गाव लपेल व्हतं. पुस्तकमा आमना गावनं नाव नही, पन म्हतारा मानसं अजून सांगतस. ते बी लिखी ठेवाले पाहिजे.

तापीकाठ_शिरपूर

बापू, अगदी बरोबर. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी खानदेश उजाड केला, त्यावर १८०३-०४ चा दुष्काळ, मग पेंढारी. गावंच्या गावं ओस पडली होती हे गॅझेटियरमध्ये आहेच. आजोबांचं ऐकलेलं त्या ओळींशेजारी ठेवून बघा, म्हणजे बुरुजाचा अर्थ लागतो. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा आजच, आणि अहिराणीतच राहू द्या.

सातपुडा_लेक

मला थोडं वेगळं सांगायचंय आणि जरा कडक वाटेल.

तुम्ही सगळे गॅझेटियर, गॅझेटियर म्हणताय. मी धडगावकडची, भिल्ल समाजातली, सध्या नंदुरबारला शिकवते. कॉलेजात असताना तेच गॅझेटियर हातात आलं आणि आमच्याबद्दलची पानं वाचून मी ते पुस्तक महिनाभर बंद ठेवलं. लुटारू, चोर, दारुडे, आणि मग साहेबांनी यांना कसं माणसात आणलं. १८२५ मध्ये आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल कोअर, म्हणजे भिल्लांचीच पलटण, उभी केली ती गोष्ट पानंच्या पानं कौतुकाने. पण भिल्लांकडे डोंगरातल्या वाटा राखायचे आणि त्याबद्दलचे जे हक्क पिढ्यानपिढ्या होते ते बुडाले म्हणून ते उठले, याला मोजून चार ओळी.

नंतर मी तेच पुस्तक परत उघडलं, कारण दुसरं होतं काय. आणि वाचायची एक पद्धत मला सापडली. जिथे साहेब चिडून लिहितो तिथे थांबायचं. खाज्या नाईक बघा. सेंधव्याचा घाट राखायला इंग्रजांनीच ठेवलेला माणूस. १८५७ मध्ये त्याने बाजू बदलली, नोव्हेंबरमध्ये सेंधवा घाटात सात लाखांचा सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीला लढाई झाली. पकडलेल्या कित्येकांना लगेच गोळ्या घातल्या, बायकांना कैद करून नेलं. इंग्रजांनी हे स्वतःच्या विजयाच्या रिपोर्टात लिहिलंय. लढाईत बायका कैद होतात याचा अर्थ बायका डोंगरात सोबत होत्या, म्हणजे पूर्ण वस्ती उठून लढायला गेली होती. हे त्या साहेबाला सांगायचं नव्हतं पण त्याच्या लिहिण्यातून ते बाहेर पडलंय.

१८५७ वरच्या मराठी कादंबऱ्यांमध्ये झाशी आहे, कानपूर आहे. आंबापाणी मला तरी त्या वाचनात भेटली नाही, ती मी आजीच्या गाण्यात ऐकली. कुणी कादंबरी लिहिणार असेल तर माझी एकच अट, आधी आमच्या पाड्यांवर येऊन राहा, गाणी ऐका, भाषा ऐका. खाज्या नाईकाच्या तोंडी पुण्याची मराठी घालू नका.

वाचनवेडी_जळगाव

ताई, तुमची पोस्ट मी घरात मोठ्याने वाचून दाखवली. "जिथे साहेब चिडून लिहितो तिथे थांबायचं" हे मी वहीत लिहून घेतलंय.

धुळे_आबा

बेटा, हेच साधनांचं टीकात्मक वाचन. तू डोंगरातून शिकलीस, आम्ही वर्गात तीस वर्षं बोललो पण इतक्या सोप्या शब्दांत सांगता आलं नाही. फक्त एक जोड. थाळनेरलाही हीच कसोटी लावा. तिथेही जवळपास सगळं लिखाण इंग्रज अधिकाऱ्यांचं आहे, "आम्हाला भाषा कळली नाही" हे त्यांच्याच बाजूचं कारण आहे. गेलेल्या ३०० माणसांपैकी कुणाचं काही लिहिलेलं आपल्यासमोर नाही.

नवापूर_सुरत_लाईन

मी प्रवाशांच्या पुस्तकांवर लिहितो, कारण सुरत ते बऱ्हाणपूर हा रस्ता आमच्या दारातून जायचा आणि बाहेरून आलेले लोक जे लिहून गेलेत ते वाचलं की अंगावर काटा येतो.

चांगलं आधी सांगतो. टॅव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या १७ व्या शतकात इथून गेला, त्याने नवापूरच्या तांदळाचं वर्णन केलंय, दाणा नेहमीच्या तांदळाच्या निम्मा, शिजला की बर्फासारखा पांढरा आणि कस्तुरीसारखा वास. आमच्याकडचा भात खाल्लेल्या माणसाला हे वाचून काय वाटतं ते मी सांगायला नको.

आता दुसरं. १६३० मध्ये पीटर मंडी नावाचा इंग्रज सुरतेहून निघाला, नंदुरबार, बऱ्हाणपूर करत आग्र्याला गेला. तो मोठा दुष्काळ चालू होता. त्याने लिहिलंय की रस्त्याने प्रेतं पडलेली, गावांजवळ तर दुर्गंधीने नाक उघडं ठेवता येईना, आणि माणसं प्रवाशांच्या घोड्याबैलांच्या शेणात दाणे शोधत होती. आपल्याच रस्त्यावर. नेमकं त्याच काळात शहाजहान बऱ्हाणपुरात मुक्कामाला होता, दख्खनच्या मोहिमेसाठी. जून १६३१ मध्ये मुमताज तिथेच बाळंतपणात गेली. दरबारी इतिहासकार लाहोरी लिहितो की बऱ्हाणपुरात लंगर (मोफत अन्नछत्रं) लावले आणि दर सोमवारी ५००० रुपये वाटले.

ताजमहालाच्या प्रेमकथेत तुम्हाला मुमताजची शेवटची रात्र मिळेल, दिवे, हकीम, बादशहाचा शोक, सगळं. पण त्या महालाच्या भिंतीबाहेर खानदेश उपाशी मरत होता, हे मी वाचलेल्या एकाही प्रेमकथेत नाही. मला मुमताजचं दुःख खोटं वाटत नाही, तेही खरंच. पण मंडी आणि लाहोरी शेजारी ठेवून वाचले की एकाच शहरातली दोन्ही दुःखं दिसतात. तापीकाठ म्हणतोय ते हेच, एकट्या कादंबरीवर राहिलो असतो तर मला माझ्या रस्त्यावरची माणसं दिसलीच नसती.

केळीबाग_सावदा

आमच्याकडचं पण घ्या. १८५२ ला जमिनीची नवीन मोजणी आली, सावदा, फैजपूर, एरंडोल भागात शेतकरी उठले. सारा वाढणार ही भीती. हजारोंनी लोक जमले, मोजणीवाल्यांना काम करू देईनात. कलेक्टर फौज घेऊन आला, पुढाऱ्यांना पकडलं, मोजणी झालीच. १८५७ च्या पाच वर्षं आधीची गोष्ट आहे ही. १९३६ चं फैजपूर काँग्रेस सगळ्यांना माहीत आहे, पहिलं ग्रामीण अधिवेशन म्हणून पाठ असतं, पण त्याच मातीत ८४ वर्षं आधी काय झालं ते आमच्याकडच्या केळीवाल्यांना विचारून बघा, कुणाला माहीत नाही.

तलवार नाही, राजा नाही, राणी नाही. मोजणीची साखळी आणि शेतकरी. यावर कादंबरी चालेल का?

गिरणामाय

का नाही चालणार? मी पहिली प्रत घेईन. साखळी शेतात पडते आणि म्हातारा त्या साखळीवर उभा राहतो, इथून सुरू करा.

वाचनवेडी_जळगाव

+१. आणि शेवटी दोन पानं, काय कागदात आहे आणि काय रचलंय.

तापीकाठ_शिरपूर

सगळ्यांचे मनापासून आभार, भाचा सगळं वाचतोय. ताईंच्या पोस्टनंतर त्याने थाळनेरची पानं परत काढली आणि पेन्सिलीने जिथे जिथे इंग्रज स्वतःची बाजू मांडतोय तिथे रेघा ओढल्या. त्याने एक प्रश्न काढलाय, तो आबांसाठी. मंदसोरचा तह ६ जानेवारीचा, हल्ला २७ फेब्रुवारीचा. किल्ला आता आपल्या धन्याचा राहिलेला नाही हे तुळशीराम मामांना होळकरांकडून कळवलं गेलं होतं का? कळलं असेल तर तो माणूस वेगळा आणि कळलं नसेल तर वेगळा. होळकरांकडची मराठी पत्रं कुठल्या छापील खंडात बघावीत ते सांगा, आम्ही दोघं बसतो.

धुळे_आबा

फार मोलाचा प्रश्न. रविवारी सकाळी त्याला घेऊन धुळ्याला या. सोबत वही आणा, मोडीची बाराखडीही त्याच दिवशी सुरू करू.

सातपुडा_लेक

आबा, मी पण आले तर चालेल का? वर्गातल्या दोन मुलीही म्हणताहेत.

धुळे_आबा

या, सगळ्या या. जेवायला कळण्याची भाकरी आणि भरीत करायला सांगतो घरी.